शेंडेनक्षत्राचा रोल

“एक… दोन… तीन… अगं, हलू नकोस!”

“मी कुठं हलले? नुसता पदर सावरला.”

“तू हललीस की स्टँड हलतो.”

“माझ्या पदरानं हलतो? मग स्टँड नवा घ्या. मला कशाला बोलताय?”

शालन ही माझी बायको. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि तिची जीभ माझ्यापेक्षा दोन पावलं पुढंच असायची. मी माळावर गुडघे टेकून कॅमेऱ्याचा पडदा उघडा ठेवणारी केबल दाबून धरली होती आणि तिनं तीसपर्यंत आकडे मोजायचे होते. सत्त्याण्णव साल, पाडव्याच्या आधीचा आठवडा. दिवस मावळून पाऊण तास झालेला, आणि मावळतीला, आमच्या खरसुळ्याच्या तळ्यावर, ते लटकलं होतं. पेपरात त्याचं नाव हेल-बॉप छापून यायचं. आमच्याकडं त्याला शेंडेनक्षत्र म्हणायचे. खाली ठळक ठिपका आणि वर पांढरा फराटा.

पेपरवाल्यांनी आवाहन केलं होतं, की वाचकांनी साध्या कॅमेऱ्यानं काढलेले फोटो पाठवावेत, निवडक छापू. कसं काढायचं तेही दिलं होतं. जास्त ताकदीचा रोल घाला, लेन्स पूर्ण उघडी ठेवा, स्टँड घट्ट करा, वीस ते तीस सेकंद पडदा उघडा ठेवा. माझं वय अठ्ठावीस. गावात ‘भानुदास फोटो स्टुडिओ’ अशी पाटी होती, पण आयुष्यात काढलं काय तर लग्नं, बारशी आणि रेशनकार्डाचे फोटो. एकदा तरी पेपरात फोटोखाली आपलं नाव छापून यावं, एवढंच डोक्यात होतं.

“काय चाललंय दादा? आभाळाचा फोटो काढताय व्हय?”

मागं वैजंता उभी होती. आमच्याच आळीतली, बावीस-तेवीसची, कडेवर अकरा महिन्यांचं पोरगं, सोन्या. वस्तीवरून दूध घेऊन घरी चालली होती. तिचा नवरा संपत तिकडं कोइमतूरला गलाईच्या दुकानात, सोनं गाळायच्या कामाला. बायकोला दिवस गेले तेव्हा गेला होता, तो अजून परतला नव्हता. पोराचं तोंड त्यानं बघितलं नव्हतं.

“ये की, बघ,” शालन म्हणाली.

“आत्याबाईंनी बघू नगं म्हणून सांगितलंय. अंगावर पिणारं लेकरू असंल तर बघू नये म्हणं.” सासूची ताकीद सांगितली आणि बघत उभी राहिली. “आगं बया! केवढं हाय ओ! केरसुणीगत.”

मी तिला कॅमेऱ्यातून बघायला सांगितलं. तिनं एक डोळा दोन बोटांनी मिटून बघितलं आणि म्हणाली, “काळंमिट्ट दिसतंय. दादा, तुमचा कॅमेरा गंडलाय.” आम्ही तिघंही हसलो. मग केबल तिच्या हातात दिली. ती दाबून ठेवून तिनं शालनबरोबर मोठ्यानं तीस आकडे म्हटले, आणि प्रत्येक आकड्याला तिचं पोरगं खिदळत होतं.

“सोन्याचा एक काढू का? फ्लॅश आहे,” मी म्हटलं.

“नगं नगं. वर्साच्या आत फोटू काढला की आयुष्य कमी हुतं. वैशाखात वर्स हुईल, तवा काढू. त्यास्नी पाठवायचा हाय. लई मागं लागल्यात पत्रात.”

तेवढ्यात तिचा थोरला दीर, बाजीराव, सायकलवरून आला. चांगला माणूस, उगाच आवाज चढवणारा नव्हे. त्यानं वर बघितलं, तिच्याकडं बघितलं, म्हणाला, “वैजंता, घरी चल. आई वाट बघतीय.” ती गेली. मी आणखी दहाएक काढले, मग ते तळ्यामागं उतरलं. घरी आल्यावर रोल काढून खणात टाकला, कारण दुसऱ्या दिवशी करगणीला लग्नाची ऑर्डर होती आणि सकाळी सहाची एसटी गाठायची होती.

बारा दिवसांनी सोन्या गेला.

हगवण लागली होती. तीन दिवस गावातल्या गावात औषधं केली आणि तालुक्याला न्यायला जीप ठरवली तोवर उशीर झाला. सकाळी आठ वाजता बाजीराव दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. मला वाटलं, पासपोर्ट फोटो पाहिजे असेल.

“भानूदादा, चल बाबा. पोराचा फोटू काढायचाय. संपतला फोन लावला हुता. त्याला यायला तीन दिस लागत्याल. म्हणला, माझ्यासाठनं थांबू नका, पण फोटू तेवढा काढून ठेवा. मला तोंड बघायचंय.”

मयताचे फोटो मी काढलेले होते. म्हाताऱ्यांचे, खुर्चीत बसवून, हार घालून. लेकराचा नव्हता काढला. खण उघडला, हाताला आला तो रोल कॅमेऱ्यात घातला आणि त्याच्यामागून गेलो.

वैजंता उंबऱ्यात बसली होती, मांडीवर सोन्या. बायकांनी त्याला आंघोळ घालून नवीन झबलं घातलं होतं. मागं माजघराचा अंधार होता. ती रडत नव्हती. मला म्हणाली, “दादा, डोळं उघडं न्हाई का दिसणार फोटूत?”

“नाही गं.”

“त्यास्नी त्याचं डोळं बघायचं हुतं.” मग त्याचे केस कपाळावरून बाजूला केले. “झोपलाय असं तरी वाटंल न्हवं?”

“वाटेल,” मी म्हटलं. सहा फोटो काढले. सहाव्याला माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि काचेतून काही दिसेना, तरी बटण दाबलं.

रोल त्याच दिवशी एसटीच्या ड्रायव्हरकडं सांगलीच्या लॅबला पाठवला, तातडीचा म्हणून. तिसऱ्या दिवशी दुपारी पाकीट आलं तेव्हा मी दुसऱ्या लग्नात होतो. संध्याकाळी घरी आलो तर शालन दारातच उभी.

“वैजंताच्या घरचे फोटो बाजीरावभावजी घेऊन गेले. संपत रातच्या गाडीनं यायचाय, म्हणून घाईत होते. मी दिले. पण अहो, त्यात काहीतरी आलंय.”

“काय आलंय?”

“तिच्या डोक्यावर. पांढरं. सगळ्याच फोटोंत.”

पाकिटात निगेटिव्ह राहिल्या होत्या. मी दुकानातल्या दिव्यासमोर पट्टी धरली. मला एका नजरेत कळलं. ज्यानं हा धंदा केलाय त्याला कुणालाही कळलं असतं.

आम्ही गावाकडचे फोटोग्राफर एक करायचो. छत्तीसचा रोल असतो, त्यातले बाराच वापरले आणि मधेच दुसरा रोल घालायची वेळ आली, तर पहिला उलटा गुंडाळायचा, पण पूर्ण आत जाऊ द्यायचा नाही. टोक बाहेर ठेवायचं. मग पुढं कधीतरी तोच रोल परत घालून, झाकण लावून बारा वेळा पुढं सरकवला की उरलेले चोवीस मिळतात. फक्त डबीवर पेनानं आकडा लिहायचा, एवढी एक गोष्ट विसरायची नाही. कारण टोक बाहेर असलेला वापरलेला रोल आणि कोरा रोल दिसायला सारखेच. माळावरून आल्यावर मी आकडा लिहिला नव्हता. लेकराचा फोटो काढायला गेलो तेव्हा तोच रोल पहिल्या फोटोपासून पुन्हा चालवला. उजेडात जे होतं त्यावर काही उमटलं नाही, पण वैजंताच्या मागं दाराचा अंधार होता, आणि त्या अंधारात माळावरचं शेंडेनक्षत्र जसंच्या तसं आलं. ठिपका तिच्या पदरावर टेकलेला, फराटा वर आढ्याकडं गेलेला.

“जाऊन सांगा आत्ताच्या आत्ता,” शालन म्हणाली.

“संपत येतोय. रडारड असेल. सकाळी जातो.”

सकाळी मी जायच्या आधी वैजंताच्या घरचेच आले. दुकानात तेव्हा आबासाहेब बसले होते. कारखान्याचे संचालक, मुलीच्या लग्नाची ऑर्डर द्यायला आलेले. व्हिडिओ, तीन अल्बम, चार दिवसांचं काम. तालुक्यातलं एवढं मोठं काम मला आजवर कुणी दिलं नव्हतं. बाजीराव आत आला, मागं त्याची आई हौसाबाई. तिनं फोटो पदराखाली धरला होता.

“मी बजावलं हुतं तिला,” ती म्हणाली. “बघू नगंस, बघू नगंस. माळावर जाऊन बघून आली. पाठोपाठ घरात आलं आन् माझा नातू घेऊन गेलं. ह्यो बघा. तिच्याच डोस्क्यावर बसलंय.”

“आई, तू गप बस जरा.” बाजीरावानं फोटो माझ्यासमोर ठेवला. “भानूदादा, आई म्हणती ते मी अजून मानलेलं न्हाई. संपतचं डोस्कं फिरलंय, त्यो तिच्यासंगं बोलंना. म्हणून तुला विचाराय आलोय. तू ह्यातला जाणता. तुझी काय चूक झालीया का? झाली असंल तर सांग. आमी काय तुला खात न्हाई. एका बाईच्या संसाराचा प्रश्न हाय.”

ह्याच्याहून सरळ कुणी विचारू शकत नाही. मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं.

आबासाहेबांनी हात पुढं करून फोटो उचलला आणि चष्मा वर करून बघितला. “हे काय रे भानुदास? आमच्या लग्नात असलं काही येणार नाही ना?”

“छे छे, आबासाहेब.” माझाच आवाज मला कुणा दुसऱ्याचा वाटला. “माझा कॅमेरा चोख आहे. समोर जे असतं तेच त्यात येतं.”

“म्हंजी हे समोर हुतं?” बाजीरावानं विचारलं.

“ते मी कसं सांगू? आलंय खरं.”

बाजीरावानं माझ्याकडं एकदा बघितलं. मग त्यानं फोटो आबासाहेबांच्या हातातून अदबीनं घेतला, आईचा दंड धरला आणि बाहेर पडला. आबासाहेब म्हणाले, “लोक अजून कुठल्या जमान्यात आहेत बघ,” आणि आम्ही अल्बमच्या कव्हरचा रंग ठरवायला लागलो. आतल्या दाराचा पडदा हलला. शालन तिथं उभी होती.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला वैजंताचा भाऊ पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन स्टँडकडं चालला होता आणि ती त्याच्यामागून. माझं दुकान स्टँडच्या समोरच. मी मान खाली घालून कात्रीनं फोटो कापत बसलो. ती भावाला थांब म्हणाली आणि रस्ता ओलांडून पायरीपाशी आली.

“दादा, एक इचारू?”

“विचार की.”

“त्या दिशी माळावर मी एकटीच न्हवते. तुमी बघितलं, शालनताईनं बघितलं, आमच्या भावजींनी बी बघितलं. मग त्ये माझ्याच घरी का आलं ओ?”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. माझ्या हातात कात्री होती आणि मी म्हणालो, “गाडी लागली बघ, वैजंता.” ती गेली.

त्या संध्याकाळी शालननं खणातून निगेटिव्हचं पाकीट काढलं आणि चप्पल घातली.

“कुठं निघालीस?”

“बाजीरावभावजींकडं. तुमच्या तोंडाला कुलूप आहे, माझ्या नाही. ही पट्टी दाखवते. माळावरचे बाकीचे सहा पुढं तसेच आलेत ना, नुसत्या आभाळाचे? ते बघून शेंबडं पोरसुद्धा सांगेल काय झालंय ते.”

“शालन, लग्नसराई चालू आहे. हा भानुदास मयताला जुना रोल वापरतो म्हणून बोभाटा झाला तर उद्यापासून माशा मारत बसेन मी. आबासाहेबांचं लग्न होऊ दे, मग मी स्वतः जातो.”

“तोवर ती मेली तर?”

“अशी कुणी मरत नाही.”

ती दाराकडं वळली. मी पाकीट तिच्या हातातून ओढून घेतलं. ओढताना तिची बांगडी फुटली, मनगटावर रक्त आलं. परसात बंब पेटलेला होता. मी पाकीट त्यात घातलं. निगेटिव्ह जळायला काही वेळ लागत नाही. घाण वास सुटतो फक्त. उरलेली बांगडी शालननं काढून कट्ट्यावर ठेवली आणि आत गेली. त्यानंतर तिनं दुकानात पाऊल टाकलं नाही, आजतागायत.

आबासाहेबांचं लग्न झालं. अल्बम झकास झाला. संपत कोइमतूरला परत गेला आणि आषाढात त्याच्यासाठी दुसरी मुलगी बघितल्याचं कानावर आलं. मग श्रावणात एकदा बोरगेवाडीच्या गाडीचा कंडक्टर, जो माझी पाकिटं न्यायचा, चहा पिताना सहज म्हणाला, “तुमच्या गावची ती सून हो, आमच्या वाडीची. तिचं डोकं ठिकाणावर नाही राहिलं. कुणाच्या पोराकडं बघत नाही. माझ्या नजरेत मरण आहे म्हणते.”

मी त्याच गाडीनं गेलो.

वैजंताचं माहेर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पडवी. पडवीत पाळणा टांगलेला, त्यात तिच्या भावाचं तान्हं बाळ रडत होतं. वैजंता पाळण्याकडं पाठ करून, तोंड भिंतीला लावून बसली होती, आणि मागं न बघता हातानं दोरी ओढत होती. निम्मी झाली होती. तिच्या बापानं मला पाणी दिलं.

मी सांगितलं. पाणी खाली ठेवून सगळं सांगितलं. रोल, खण, आकडा लिहायचा राहिला तो, दाराचा अंधार, बाजीरावानं विचारलं तेव्हा मी काय बोललो ते. म्हातारा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हा काहीतरी फेकून मारणार, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं.

वैजंता भिंतीकडंच बघत म्हणाली, “म्हंजी ते माळावरलं, तुमच्या रोलातलं?”

“हो.”

“घरात आलंच न्हवतं?”

“नाही गं. कुठलं येतंय? ते कोट्यवधी मैल लांब. पोर हगवणीनं गेलं. तुझ्या बघण्यानं काही झालं नाही.”

“माझ्या बघण्यानं न्हाई,” ती म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली. मग हळूच मान वळवून तिनं पाळण्यात बघितलं. बाळ रडायचं थांबलं नव्हतं, पण ती बघत राहिली, आणि तिचे खांदे गदगदायला लागले. आतून तिची आई धावत आली आणि दारातच थबकली.

मग म्हातारा म्हणाला, “आता चला माझ्यासंगट खरसुळ्याला. पंचासमोर सांगा.”

“नगं आप्पा,” वैजंता म्हणाली. “मला न्हाई जायचं तिकडं. त्यांनी काय माझं ऐकलं? कागदाचं ऐकलं.” तिनं डोळे पुसले. माझ्याकडं सरळ बघून म्हणाली, “दादा, तुमी येऊन सांगितलंसा, लई उपकार झालं.”

उपकार! मला बसल्या जागी मरून जावंसं वाटलं.

“एक काम करा फकस्त माझं. ते समदे फोटू आत्याबाईंनी जाळलं. मला सोन्याचं तोंड आठवंना झालंय. रातीला झोपताना आठवतं, सकाळी उठलं की जातं. नाक कसं हुतं, तेच येत न्हाई डोळ्याम्होरं. तुमच्याकडं त्याची पट्टी असती म्हणं, परत काढाया येतो फोटू. वरचं ते नगं, कापून टाका. नुसतं त्याचं तोंड काढून द्या. एवढुसं. हाय न्हवं पट्टी?”

तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते मी फोटोत पकडलं असतं, तर कुठल्याही पेपरानं छापलं असतं. मी तिला सगळं खरं सांगायला आलो होतो, आणि आता एकच वाक्य उरलं होतं.

“आहे,” मी म्हणालो. “देतो काढून.”

म्हातारा मला गाडीपर्यंत पोचवायला आला. म्हणाला, “आज तिनं भाकरी मागितली बघा. आपल्या तोंडानं. चार महिन्यांनी.”

ह्याला आता सत्तावीस वर्षं झाली. बोरगेवाडीला मी पुन्हा पाय ठेवला नाही. वैजंतानं दुसरं लग्न केलं नाही. भावाची दोन्ही पोरं तिनंच वाढवली, असं लोक सांगतात. पहिली काही वर्षं गाडीच्या कंडक्टरकडून निरोप यायचा, फोटूचं बघा म्हणावं. मग कधी बाजाराला आलेली बाई विचारायची. गेल्या महिन्यात तिचा भाचा आला होता. तोच, पाळण्यातला. उंचापुरा, शाळेत मास्तर आहे. दुकानातल्या संगणकाकडं बघून म्हणाला, “काका, आत्यानं विचारलंय. आता म्हणे मशीन आलीत, जुनं खराब झालेलंही नीट करून मिळतं. तुमच्याकडची ती पट्टी खराब झाली असली तरी चालेल म्हणाली. तिला नुसता अंदाज आला तरी पुरे आहे.”

मी त्याला चहा पाजला. आणि म्हणालो, “सांग तिला, शोधतोय.”